नागपूरचे विधानभवन आणि परिसर: आठवीच्या मुलांना एका दिवसात काय दाखवावे?

कळंबचे गुरुजी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. आठवीला राज्यशासनाचे प्रकरण आहे. विधानसभा, विधान परिषद, अध्यक्ष, सभापती हे शब्द मुले दरवर्षी पाठ करतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काहीही उभे राहत नाही. ग्रामपंचायतीचे कार्यालय त्यांनी पाहिलेले असते, वडिलांसोबत सातबाऱ्यासाठी तहसीलही पाहिलेली असते. त्यापुढचे शासन त्यांना दूरचित्रवाणीवरच भेटते. म्हणून येत्या हिवाळी अधिवेशनात २७ विद्यार्थ्यांना नागपूरला न्यावे, असा विचार आहे.

मागे एकदा हा बेत फसला होता आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. मी कोणतेही पत्र न देता, कोणाची परवानगी न घेता मुलांना घेऊन गेलो आणि अर्थातच आम्हाला बाहेरूनच परतावे लागले. निदान इमारत तरी दाखवली, एवढ्या समाधानात मी बसमधून दिसलेल्या मोठ्या घुमटाकडे बोट करून ‘हे पाहा विधानभवन’ असे सांगून मोकळा झालो. बुटीबोरीच्या पुढे आल्यावर एसटीच्या चालकांनी हळूच माझ्या कानात सांगितले की, गुरुजी, ते हायकोर्ट होते. मुलांना खरे काय ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, परंतु त्या परिसरात कोणती इमारत कोणती, हे मला स्वतःलाच नीट ठाऊक नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनात राहिली आहे.

तेव्हा जाणकारांना विचारतो. विधानभवनाच्या आजूबाजूला नेमके काय काय आहे आणि ते तिथे का आहे? प्रवेशासाठी काय करावे लागते? शिवाय एका मुलीने मला विचारलेला प्रश्न इथे जसाच्या तसा ठेवतो: ‘सरकार नागपुरात दोनच आठवडे राहते, मग बाकीचे दिवस त्या घरांत कोण राहते?’

हिंगणघाटचे वकील

गुरुजी, तुमच्यासारखी चूक करणारे पक्षकार मी दरमहा पाहतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील कामांसाठी माझे सिव्हिल लाइन्समध्ये नेहमी जाणे असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट ही की, नागपूरचे विधानभवन म्हणजे एका आराखड्यानुसार, एका कुंपणात बांधलेले राजधानीचे संकुल नव्हे. मुंबईत नरिमन पॉइंटला जे विधानभवन आहे, ते विधिमंडळासाठीच बांधले गेले आणि १९ एप्रिल १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नागपूरची गोष्ट वेगळी आहे. येथे एक जुनी राजधानी होती, ती गेली आणि तिच्या इमारती मागे उरल्या. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार केला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे सुमारे ९५ वर्षे, या शहरातून आधी मध्य प्रांताचा, पुढे वऱ्हाडासह मध्य प्रांताचा आणि स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार चालला. सीताबर्डीच्या किल्ल्यापलीकडे साहेबांच्या बंगल्यांची जी वस्ती वसली, ती सिव्हिल लाइन्स. गरजेप्रमाणे तिथे एकेक इमारत उभी राहत गेली. टेकडीवरचे राजभवन १८९१ चे आहे. ते मुख्य आयुक्तांचे निवासस्थान म्हणून बांधले गेले होते. प्रांताचे कायदेमंडळ १९१४ पासून भरू लागले. स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ मध्ये आले.

आता तुमच्या घुमटाविषयी. उच्च न्यायालयाची ती इमारत हेन्री मेड या वास्तुविशारदाने रेखली. नवी दिल्ली बांधली जात असताना तो तिथे काम करत होता. नागपूरच्या इमारतीची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी बसली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉयच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बाहेरून ती ४०० फूट लांब आणि २३० फूट रुंद आहे, मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट उंच आहे आणि तेव्हाचा खर्च ७ लाख ३७ हजार ७४६ रुपये झाला. दर्शनी भाग घडीव वालुकाश्माचा असला तरी भिंतींच्या पोटात वीट आहे. मधोमध बागेचे अंगण आहे आणि भोवतीच्या ओसऱ्यांत शहाबादी फरशी आहे. मे महिन्यात मी त्या ओसरीत पुकारा होण्याची वाट पाहत तासन् तास उभा राहिलो आहे. बाहेर ४५ अंश तापमान असताना त्या फरशीवर चप्पल काढून उभे राहावेसे वाटते, हा माझा स्वानुभव आहे. मुलांना घुमटाच्या उंचीपेक्षा ही सावलीची व्यवस्था दाखवा. आपल्याकडच्या उन्हाला कसे तोंड द्यायचे, हे ज्यांना कळले होते, त्यांनी ती बांधली आहे.

दुसरी गोष्ट कराराची. १९५३ च्या २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. विदर्भाने मराठी राज्यात यायचे, तर राजधानी गमावणाऱ्या नागपूरला काय मिळणार, हा त्यामागचा प्रश्न होता. शासनाने वर्षातील काही ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे घ्यावे, असे त्यात ठरले. करार किती पाळला गेला, याबद्दल आपल्याकडे जितकी तोंडे तितकी मते आहेत आणि तो वाद मी येथे उकरून काढत नाही. मात्र ‘मुंबईत एक विधानभवन असताना नागपुरात दुसरे कशाला?’ असे मुलांनी विचारले, तर त्याचे उत्तर या करारात आहे. १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ जबलपूरला गेले आणि इथल्या इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत, याचे कारणही बऱ्याच अंशी हेच आहे.

मुलांच्या आणखी एका गोंधळाकडे लक्ष द्या. विधिमंडळ ही संस्था, विधानभवन ही तिची वास्तू आणि मंत्रालय म्हणजे शासनाची कचेरी. आमच्या पक्षकारांपैकी निम्मे लोक मुंबईचे मंत्रालय पाहून आले की ‘विधानभवन पाहिले’ असे सांगतात.

पवनीचे निवृत्त अभियंता

गुरुजी, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. सार्वजनिक बांधकामाच्या नोकरीत असताना मी कितीतरी हिवाळे अधिवेशनाच्या तयारीत घालवले.

वकीलसाहेबांनी म्हटले ते खरे आहे. परिसर एका कुंपणात नाही. अधिवेशन म्हटले की लोकांना सभागृहच दिसते, पण ते सभागृह चालावे म्हणून अर्धे सिव्हिल लाइन्स जागे करावे लागते. मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान रामगिरी, उपमुख्यमंत्र्यांचे देवगिरी, मंत्र्यांचे बंगले रविभवनात, राज्यमंत्र्यांचे नागभवनात. मुख्यमंत्र्यांचे सचिवालय हैदराबाद हाउसमध्ये भरते. आमदारांसाठी आमदार निवास आहे, पत्रकारांसाठी सुयोग आहे आणि मुंबईहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ‘१६० खोल्यांचे गाळे’ आहेत. डोंगरांची आणि नद्यांची नावे साहेबांच्या घरांना मिळाली, कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मात्र आकडा आला, असे आम्ही आपसात म्हणत असू.

दिवाळीच्या आसपास कुलपे उघडायची. वर्षभर बंद राहिलेल्या खोलीला एक विशिष्ट वास असतो. ओल, फिनाइल आणि जुन्या गाद्या यांचा मिळून. नळ उघडला की प्रथम हवा फुसफुसते, मग तांबूस पाणी येते. ते स्वच्छ होईपर्यंत सोडून ठेवायचे, तोवर मिस्त्रीने गिझर तपासायचा, वायरमनने बटणे पाहायची आणि मी नोंदवहीत खाटा, गाद्या, ब्लँकेटे, बादल्या, मग यांची मोजदाद करायची. मागच्या वर्षी आठ बादल्या असलेल्या मजल्यावर पाच कशा उरल्या, या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीपर्यंत मिळाले नाही. त्यानंतर रंगकाम. जुन्या बंगल्यांच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या असतात आणि त्यांवर तेलरंग दिला की भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही. पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतात. अशा भिंतीला दरवर्षी चुन्याचाच हात द्यावा, हे आमचे जुने मिस्त्री सांगत. पण चुना चमकत नाही आणि अधिवेशनाला तर सारे चकचकीत दिसायला हवे असते. त्यामुळे पोपडे खरवडून पुन्हा रंग देणे हेही एक वार्षिक काम होऊन बसले.

बाकीचे दिवस या घरांत कोण राहते? रविभवन आणि नागभवन एरवी शासकीय विश्रामगृहासारखे वापरले जातात. दौऱ्यावर आलेले मंत्री आणि अधिकारी तिथे उतरतात. आमदार निवासातील खोल्याही अधूनमधून कामी येतात. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत तिथे विलगीकरण केंद्र होते. ज्या खोल्यांत आमदारांनी उतरायचे, त्यांत बाहेरगावाहून आलेले साधे लोक १४-१४ दिवस राहिले, आणि त्या वर्षी व त्यापुढच्या वर्षी हिवाळी अधिवेशन नागपुरात झालेच नाही. २०२२ च्या डिसेंबरात ते परत आले.

परिसराविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती इमारतीच्या स्वभावाची आहे. २०१८ मध्ये अनेक दशकांनंतर पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतले गेले. ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनातील वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरले, दिवे गेले आणि कामकाज दिवसभरासाठी थांबवावे लागले. तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच टीका झाली. मला मात्र वाटले की, आम्ही पिढ्यान् पिढ्या ही व्यवस्था थंडीसाठी तयार करत आलो. इतक्या वर्षांत तिने पावसाळा पाहिलाच नव्हता. आपल्या कौलारू घरांची डागडुजी आपण मृगाआधी करतो, इथली डागडुजी मृगाच्या पाच महिने नंतर होते.

सालेकशाची अंगणवाडी ताई

सर्वांना नमस्कार. वकीलसाहेबांनी आणि अभियंता काकांनी आतले सांगितले, मी बाहेरचे सांगते, कारण विधानभवन मी तीनदा पाहिले ते मोर्चातून.

आमच्याकडून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी नागपूरला उतरायचे, मग यशवंत स्टेडियमकडे जमायचे. तिथून घोषणा देत निघायचे आणि पोलिसांनी ठरवून दिलेल्या जागी कठड्यांपाशी थांबायचे. कोणाचा मोर्चा टेकडी मार्गावर अडवतात, कोणाचा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर. ही नावे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावीत, कारण खेड्यातून आलेल्या हजारो लोकांसाठी विधानभवन त्या चौकातच संपते. तिथून पुढे पाच जणांचे शिष्टमंडळ जाते. मी एकदा त्या पाचांत होते. रस्त्यावर बसलेल्या बायांनी मला पुढे ढकलले, माझ्या पिशवीतली भाकर कोणाकडे तरी दिली आणि आम्ही पोलिसांसोबत आत गेलो. आतले मला फार थोडे आठवते. एक लांब ओसरी, पायाखाली सतरंजी, फायली घेऊन लगबगीने जाणारी माणसे आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला प्रत्येक जण आपल्यापेक्षा मोठा अधिकारी असावा असे वाटणे. निवेदन दिले, पोच घेतली, दहा मिनिटांत बाहेर आलो. बाहेर बाया अजून त्याच जागी बसल्या होत्या आणि सर्वांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, आत कसे आहे? मागण्यांचे काय झाले, हे त्यानंतर विचारले.

एक विनंती आहे. झिरो माइलच्या स्तंभाजवळ गोवारी शहीद स्मारक आहे, तिथे मुलांना अवश्य न्यावे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी विधानभवनावर आला होता. तिथे चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ होती. गुरे राखणारा समाज तो. आमच्या भागात, भंडाऱ्यात, तुमच्या यवतमाळातही त्यांची घरे आहेत. तुमच्या २७ मुलांत एखादे गोवाऱ्याचे असेल, तर त्याला कदाचित घरूनच ठाऊक असेल.

हिंगणघाटचे वकील

ताईंनी लिहिले ते मीच आधी लिहायला हवे होते. त्यात एका गोष्टीची भर घालतो. गोवारी हे अनुसूचित जमातीच आहेत, असा निर्णय २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने दिला होता, गुरुजींच्या त्याच घुमटाखाली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे एकाच मागणीसाठी लोक विधानभवनापाशी आले, उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी दिल्लीपर्यंत पोचले. कायदेमंडळ आणि न्यायमंडळ यांच्यातील फरक मुलांना याहून स्पष्टपणे समजावून सांगता येईल, असे मला वाटत नाही.

झिरो माइलविषयी एक सावधगिरी बाळगा. तो स्तंभ म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असे सर्रास सांगितले जाते आणि शालेय सहलींत तर हमखास. सर्वेक्षण खात्याने १९०७ मध्ये तो उभारला, तो उंची मोजण्यासाठीचा प्रमाण संदर्भबिंदू म्हणून. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे आणि ती १०२० फुटांहून किंचित अधिक भरते. स्तंभाच्या बाजूंवर चांदा, सिवनी, छिंदवाडा, जबलपूर, हैदराबाद अशा गावांची मैलांतील अंतरे आहेत. ती नावे मुलांना वाचायला लावा. यांतली बरीचशी गावे आज दुसऱ्या राज्यांत आहेत, पण स्तंभ उभारला तेव्हा यांतले हैदराबाद सोडले तर बाकी साऱ्यांचा कारभार नागपूरहून चालत होता.

कळंबचे गुरुजी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. काकांचे उत्तर मी वर्गात वाचून दाखवले. बादल्यांच्या हिशेबावर मुले हसली आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लगेच पुढचा प्रश्न केला की, रंगाला इतका खर्च होतो तर चुनाच का लावत नाहीत? मी तिला तो प्रश्न आमदारांना विचारायला सांगितले आहे.

ताई, आमच्या वर्गात दोन मुले गोवारी समाजाची आहेत. त्यांतील एकाच्या आजोबांना त्या दिवसाची हकिकत ठाऊक आहे. ते सहलीला सोबत येतील का, असे मी त्यांना विचारले आहे, अजून उत्तर आलेले नाही.

आता दोन व्यावहारिक शंका. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा ऐन हंगाम. पालक मुलांना एकच दिवस सोडतील, दुसरा नाही. एसटीने आम्हाला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. अशा स्थितीत सकाळी सभागृह आणि दुपारी बाहेरचा परिसर, की उलट करावे? आणि २७ मुलांना एकदम आत सोडतात का?

हिंगणघाटचे वकील

सभागृह सकाळीच पाहा. विधानसभेचे कामकाज साधारणपणे ११ वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते आणि मुलांना समजेल असे त्या तासातच असते. कोणी विचारले, कोणी उत्तर दिले, अध्यक्षांनी कोणाला थांबवले, हे डोळ्यांनी दिसते. दुपारनंतर विधेयकांवरील चर्चा लांबते आणि तोवर मुलांच्या पोटात कावळे ओरडू लागतात. प्रेक्षक गॅलरीचे पास सदस्यांच्या शिफारशीने मिळतात, तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना शाळेच्या पत्रासह मुलांची व शिक्षकांची पूर्ण यादी आताच द्या. अधिवेशन तोंडावर आले की त्यांच्याकडे अशा पत्रांचा ढीग पडतो. गॅलरीत जागा मोजकीच असते, म्हणून दोन तुकड्या करण्याची तयारी ठेवा आणि पासवर जी वेळ लिहिली असेल तिच्या तासभर आधी दाराशी हजर राहा. मोबाइल, दप्तरे, डबे आत नेता येत नाहीत, ते बसमध्येच राहू द्या. दरवर्षी अधिवेशनकाळात राज्यशास्त्राच्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्गही भरतो. तुमची मुले लहान आहेत, पण शाळेचा एखादा माजी विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात असेल तर त्याला जरूर कळवा.

विधानसभेत पीठासनावर अध्यक्ष असतात आणि परिषदेत सभापती, हे मुलांकडून आदल्या दिवशी पक्के करून घ्या. विधानसभेत २८८ सदस्य आणि परिषदेत ७८. त्यांपैकी विधानसभेतले विदर्भाचे ६२. गॅलरीत बसल्यावर आपल्या भागातले कोण कुठे बसले आहे, हे शोधण्यात मुले रमतात.

पवनीचे निवृत्त अभियंता

वकीलसाहेबांच्या वेळापत्रकात डब्याची जागा राहिली, ती मी भरतो. आतून बाहेर पडलात की महाराजबागेत जाऊन जेवा. ते जवळच आहे, भोसल्यांच्या काळापासूनची बाग आहे आणि सध्या कृषी विद्यापीठाकडे आहे. मुलांना प्राणिसंग्रहालय पाहायचे असणारच, ते नको म्हणू नका. तिथून गोवारी स्मारक आणि झिरो माइल पायी करा. अधिवेशनात त्या भागातले रस्ते मोर्चांसाठी अचानक बंद होतात आणि बस अडकली की दोन तास हलत नाही, तेव्हा बस जरा लांब उभी करून मुलांना चालवत न्या. हायकोर्ट शेवटी, परतीच्या वाटेवर घ्या. उन्हे कलली की त्या दगडाचा रंग पालटतो. तो पाहण्यासाठी मी मुद्दाम सायकल थांबवत असे.

आणि चालक तेच मिळाले, तर त्यांना पुढच्या बाकावर बसलेल्या मुलांशी बोलू द्या. त्यांना परिसर माहीत आहे.

कळंबचे गुरुजी

पत्र आणि यादी आजच आमदारांच्या कार्यालयात देऊन आलो. यादीत २७ मुले, दोन शिक्षक आणि एक आजोबा आहेत.